तिसरं सूप

शेडमध्ये त्या सकाळी बारा रॅक होते, बाराही रिकामे. प्लास्टिकच्या टेबलावर दोन सुपं, प्रत्येकात साठ अळ्या. शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक थर्मामीटर, साबणाची एक वडी, पाण्याच्या दोन बादल्या आणि तुतीच्या पाल्याचा एक भारा. माणसं दोन. त्यांच्यात साडेतीन महिने एकही वाक्य झालेलं नव्हतं.

"मळा," मी म्हणाले.

रामेश्वरनं माझ्याकडे पाहिलं. "काय?"

"तंबाखू. नेहमी मळता तशी."

"तुझ्यासमोर?"

"आता लाजता कशाला? दोन वर्षं माझ्यासमोरच मळलीत."

त्यानं खिशातून पुडी काढली, चुन्याची डबी काढली. मी मोबाइलवर वेळ लावली. तो अंगठ्यानं तळहातावर मळत राहिला, मधूनमधून माझ्याकडे बघत. ज्या गोष्टीवरून ही बाई दोन वर्षं भांडली तीच आता घड्याळ लावून करायला सांगते आहे, यावर त्याचा विश्वास बसत नसावा.

"झाली. खाऊ का?"

"खा. हात धुवायचे नाहीत. आता त्याच हातानं हा पाला कापा."

"आणि दुसऱ्या सुपाचा?"

"तो मी कापणार. साबणानं हात धुऊन."

त्यानं विळा उचलला आणि परत खाली ठेवला.

"तिसरं सूप कुठंय?"

"कसलं तिसरं?"

"माझा हात तपासायला आलीस, तपास. पण त्या वेळी शेडमध्ये मी एकटाच होतो का? पाला मी तोडायचो, तू झाकायचीस. ओली पोती टाकून. तुझंबी सूप ठेव."

"ओल्या पोत्यानं काय होतं? पाला ताजा राहतो. पुस्तकात लिहिलंय."

"मग भितीस कामून?"

मी भीत नव्हते. मी बी.एस्सी. होते, रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी. घरात जाऊन तिसरं सूप आणलं, एकशेवीस अळ्यांचे चाळीस-चाळीसचे तीन भाग केले आणि खडूनं सुपांवर अ, ब, क लिहिलं. अ म्हणजे धुतलेले हात. ब म्हणजे तंबाखूचे हात. क म्हणजे धुतलेले हात आणि तीन तास ओल्या पोत्याखाली ठेवलेला पाला. शेडच्या कोपऱ्यात गोणपाटांची चळत होती. पूर्वी वरची पाच वापरली होती. सहावं काढलं आणि बादलीत बुडवलं.

प्रत्येक सुपाला एका वेळी चाळीस ग्रॅम पाला, दिवसातून तीनदा. एकाच वाफ्यातला, एकाच वेळी तोडलेला. एकेका सुपावर निष्कर्ष काढू नये हे मला माहीत होतं. पण तो शुक्रवार होता आणि रविवारी बैठक होती.

बैठक आमच्या फारकतीची होती.

आमचं गाव अंबड तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा रामेश्वरनं रेशीम शेतीसाठी नुकती तुती लावली होती, शेड यंदा उभं राहिलं. एक एकर तुती आणि हे हिरव्या जाळीचं शेड. शंभर अंडीपुंज आणायचे, म्हणजे जवळपास पन्नास हजार अळ्या. त्यांना वीस-बावीस दिवस पाला घालायचा. मग त्या कोष विणतात आणि कोष बाजारात जातात. मला हे काम पहिल्या दिवसापासून आवडलं. अळी किती खाते, किती वेळा कात टाकते, कुठल्या तापमानाला सुस्तावते, सगळं मी वहीत लिहायचे. रामेश्वर हसायचा. "ही जनगणना करून राहिली," असं सगळ्यांना सांगायचा. ते हसणं चांगलं होतं.

मग एप्रिलच्या उन्हात पहिल्याच बॅचमधल्या निम्म्या अळ्या मेल्या. सासूबाई ओट्यावर बसून शेजारणीला म्हणाल्या, "सून आली पांढऱ्या पायाची, आणखी काय होणार?" मी दारात उभी होते. रामेश्वर तिथंच चप्पल घालत होता. त्यानं चप्पल घातली आणि निघून गेला.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलायला लागले. मग कामापुरतंही नाही.

ऑगस्टमध्ये दुसरी बॅच घेतली. पुन्हा पाला सुकायला नको म्हणून मी ओल्या पोत्यांची युक्ती काढली. अळ्या शेवटच्या, पाचव्या अवस्थेत गेल्या, बोटाएवढ्या झाल्या, आणि दोन दिवसांत संपल्या. माना वर करायच्या, हिरवं पाणी ओकायच्या, आखडायच्या. बरोबर त्या दिवशी रेशीम कार्यालयाचे साहेब पाहणीला आले होते. गावातली माणसं जमली होती. साहेब म्हणाले, "विषबाधा दिसते. फवारा मारला का कुठं?" कुणी मारला नव्हता. तंबाखूतलं निकोटिन अळ्यांना मारतं हे मी वाचलेलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "फवारा कशाला पाहिजे? यांच्या तंबाखूच्या हातानं मारल्यात पन्नास हजार."

कुणीतरी हसलं. तिसऱ्या दिवशी मी बॅग भरून माहेरी गेले. त्यानं थांबवलं नाही, मी मागं पाहिलं नाही.

माझा भाऊ सुदामदादा आणि रामेश्वरचे चुलते किसनतात्या यांनी मिळून नोव्हेंबरातला रविवार ठरवला. टेम्पो आणायचा, माझं सामान भरायचं, कागदावर सह्या करायच्या. मी दादाला म्हणाले, मला दोन दिवस आधी जायचंय.

"कशाला? हातापाया पडायला?"

"सिद्ध करायला. मी पांढऱ्या पायाची नव्हते, त्यांचा हात होता. एवढं कागदावर आकड्यात मांडते, मग सही."

"शिक्षणाचा माज आहे तुला."

"आहे."

मैत्रिणीच्या भावाच्या शेडमधून पाचव्या अवस्थेतल्या एकशेवीस अळ्या मागून घेतल्या, खोक्याला भोकं पाडली आणि पहिल्या एसटीनं आले. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "काय राहिलंय इथं?" मी म्हणाले, "हिशोबातला एक आकडा," आणि त्यांना वळसा घालून मागं शेडकडे गेले.

त्या दुपारी घरून एकच डबा आला, एका माणसाचा. दोन भाकरी, पिठलं, ठेचा. रामेश्वरनं डबा उघडला, एक भाकरी झाकणावर ठेवली, निम्मं पिठलं तिच्यावर ओतलं आणि झाकण माझ्याकडे सरकवलं. मी सुपांकडे बघत जेवले. तिन्ही सुपांतल्या अळ्या करकर आवाज करत खात होत्या.

शनिवारी सकाळी आठ वाजता अ मध्ये चाळीस जिवंत, ब मध्ये चाळीस जिवंत. क मध्ये बऱ्याच अळ्यांनी पाल्याला तोंडही लावलेलं नव्हतं. माना वर. मला वाटलं कात टाकायला आल्या असतील. पण पाचव्या अवस्थेत गेल्यावर अळी कात टाकत नाही, थेट कोष विणते, हे मीच वहीत लिहिलेलं होतं.

दुपारी अडीचला परत मोजल्या. अ, शून्य मेलेल्या. ब, चार. क, तेहेतीस.

मी चिमट्यानं एकेक उचलून कागदावर ठेवत होते आणि आकडे मोठ्यानं म्हणत होते. बाविसाला मी चिमटा खाली ठेवला. रामेश्वर पलीकडे उभा राहून उरलेल्या मोजू लागला. "तेवीस, चोवीस." तेहेतीसला थांबला.

"हे कसं काय?" तो म्हणाला. त्यात जिंकल्याचं काही नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी ते पोतं उचलून उजेडात नेलं. कडेला गुलाबी डाग होते. पहिल्यापासून होते. मी ते पोत्यावरच्या छापाचे समजले होते.

"ही पोती आधी कशाला वापरली होती?"

"कशाला म्हणजे? कोपऱ्यात होती." मग त्याचा हात पोत्यावरच थांबला. "जूनमधे. सोयाबीनच्या बियाण्याला औषध लावलं ना. याच्यावरच पसरून चोळलं होतं."

"किडीचं औषध? लाल?"

"लाल."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

"मी पोती भिजवत होते तेव्हा तुम्ही समोर होतात."

"होतो."

"मग?"

"बोलत नव्हतो ना आपण. ध्यानातबी नाही आलं. तू जे करतीस ते पुस्तकातलं असतं, म्हटलं बरोबरच असेल."

मी खाली बसले. पन्नास हजार हा आकडा मी कितीदा उच्चारला होता. त्याच्या नावासमोर.

"तुम्हाला ठाऊक होतं म्हणून तिसरं सूप मागितलंत?"

"नाही गं. मला वाटलं दोघांचं तपासावं. मलाच एकट्याला उभं केलंस, त्याचा राग होता." तो बादलीजवळ उकिडवा बसला. म्हणाला, "उद्या सांगू नको हे."

"काय?"

"माझ्यावर नाव आलंय, राहू दे. गावाला सवय झाली. तुझ्यावर आलं तर आई जन्मभर बोलेल. तसंही तू चाललीस. चांगल्या नावानं जा."

चार महिन्यांत माझ्याबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं, आणि ते खोटं बोलायला सांगत होतं. मला रडू येण्याऐवजी राग आला.

"मी इथं आकडे मोजायला आले," मी म्हणाले. "सोयीचे आकडे मोजायला नाही आले. आणि मी चालले हे कुणी ठरवलं?"

"तूच."

"मी चुकीच्या माहितीवर ठरवलं होतं."

त्यानं पुडी काढली, हातात धरली आणि परत खिशात ठेवली.

"ब मधल्या चार," तो म्हणाला, "त्या माझ्या ना?"

"तुमच्या. उद्यापर्यंत वाढतील."

"मोज बरोबर. माझ्या कमी लिहू नको."

रविवारी सकाळी नऊला शेवटची मोजणी केली. अ मध्ये मेलेली एक. ब मध्ये अकरा. क मध्ये चाळीस.

दहाला टेम्पो आला. अंगणात लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. सुदामदादा, किसनतात्या, सासूबाई, आम्ही दोघं. टेम्पोवाला लांब बसून पेपर वाचत होता. तात्यांनी गळा साफ केला. "तर मंडळी, पटत नाही त्याला इलाज नाही. दोन्हीकडची अब्रू राखून…"

"तात्या, मला आधी बोलायचंय," मी म्हणाले.

"बोल की. पण थोडक्यात."

"थोडक्यातच आहे. तीन आकडे आहेत." मी वही उघडली आणि वाचलं. कुठल्या सुपात काय, किती अळ्या, किती मेल्या, कशानं. वाचताना ओळ चुकू नये म्हणून बोट ओळीवर ठेवलं होतं.

"ही काय शाळा हाय का?" तात्या म्हणाले. "सरळ सांग, काय म्हणायचंय?"

"ऑगस्टमधल्या अळ्या माझ्या पोत्यांनी मेल्या. मी यांच्यावर खोटा आळ घेतला. सगळ्यांसमोर घेतला. चुकलं माझं."

सुदामदादा ताडकन उठला. "प्रणिता! गप बस. डोकं फिरलं का?"

सासूबाईंना अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे हिनंच मारल्या! अन् माझ्या लेकाचं नाव गावभर केलं! मी म्हणत नव्हते? पांढऱ्या पायाची…"

"आई."

रामेश्वरचा आवाज मोठा नव्हता. पण त्या घरात तो आईला मधे तोडून बोलल्याचं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

"औषध पोत्याला होतं, आई. पायाला नव्हतं. अन् पोतं माझं, औषध मी चोळलेलं. हिला सांगायचं माझं काम होतं. अकरा तर नुसत्या माझ्या तंबाखूनं मेल्या. आता सांग, माझे पाय कसले?"

"एप्रिलमधे मी इथंच होतो," तो म्हणाला. "तू तो शब्द बोललीस, मी चपला घालून गेलो. तेव्हाच बोलायचं होतं. आता बोलतो. तो शब्द या घरात परत नको."

"बायकोचा बैल झाला," सासूबाई पुटपुटल्या.

"झालो तर झालो."

तात्यांनी हात वर केला. "अरे, तुमची भांडणं मिटवायला नाही जमलो आपण. सह्या करायला जमलोय."

"सही करणार नाही," मी म्हणाले.

"मीबी नाही," रामेश्वर म्हणाला. तो अजून उभाच होता. आम्ही एकमेकांना विचारलेलं नव्हतं.

दादा माझ्याजवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, तू स्वतःहून चूक कबूल केलीस. आता आयुष्यभर हे तुझ्या डोक्यावर बसतील. आपली बाजू होती, ती तू घालवलीस."

"माझीच होती ना दादा. मीच घालवली."

"अन् उद्या परत काही झालं तर मला फोन करू नकोस."

"करीन. पण टेम्पो आणायला नाही सांगणार."

तो चहा न घेता गेला. टेम्पो रिकामा गेला. फाटकाशी तात्या थांबले. त्यांचा राग शांत होता, तो जास्त लागतो.

"शिवारात शंभर अंडीपुंजांना साठ किलो कोष काढणारे लोक हायेत," ते म्हणाले. "तुमचे पहिल्यांदा एकतीस, दुसऱ्यांदा भोपळा. सुपात चाळीस अळ्या मोजणं सोपं असतं, पोरी. साठ काढून दाखवा, मग जोडीनं बैठका मोडा. दोन महिन्यांत हाच टेम्पो परत बोलवाल."

"तारीख लिहून ठेवा, तात्या," मी म्हणाले.

साहेब आले होते त्या दिवशी ते आणि मी सोडून शेडमध्ये सव्वीस जण होते. मी आठवून नावं लिहिली. सासूबाई, तात्या आणि रामेश्वर सोडले तर तेवीस उरत होते. सोमवारपासून मी एकेका घरी जाऊन सांगायला लागले, त्या अळ्या माझ्या पोत्यानं मेल्या, यांच्या हातानं नाही. पहिल्या दिवशी एकटी गेले. कुणी म्हणालं, "बरं झालं सांगितलं," कुणी म्हणालं, "आम्हाला काय त्याचं?" एक आजी म्हणाल्या, "नवऱ्यानं शिकवून पाठवलं वाटतं." दुसऱ्या दिवशी निघाले तर रामेश्वर चपला घालून बाहेर उभा होता.

"तुम्ही कशाला?"

"अकरा माझ्या. त्या कोण सांगणार?"

दारोदार आमचं हे चालायचं. मी चाळीस सांगायचे, तो अकरा सांगायचा. एका घरी त्यानं चुकून बारा सांगितले, मी तिथंच दुरुस्त केलं. घरवाले हसले. परत येताना तोही हसला, आणि मी म्हणाले, "हसा, पण अकराच आहेत."

सगळं सरळ झालं असं नाही. त्यानं तंबाखू तेव्हा सोडली नाही. सोडायला पुढं सव्वा वर्ष लागलं, तोवर शेडच्या दारात साबण आणि बादली असायची. सासूबाई माझ्याशी संक्रांतीपर्यंत बोलल्या नाहीत. आणि आम्ही भांडलो. भरपूर भांडलो. पण आता मोठ्यानं भांडायचो, शेडमध्ये, कामाचे हात चालू ठेवून. पाल्याला काय लावलंय, पंप कशात धुतला, चुना कुणी आणला, कुठून आणला. रोज सकाळी एकमेकांना सगळं विचारायचं, मूर्खपणाचं वाटलं तरी विचारायचं, असं आमचं ठरलं होतं. कधी तो वैतागायचा. "काल सांगितलं ना?" मी म्हणायचे, "आजचं सांगा."

उरलेली सगळी पोती आम्ही तुतीपासून आणि विहिरीपासून लांब, पडीक माळावर खोल खड्डा घेऊन पुरली. खड्डा त्यानं खणला, माती मी ओढली. शेड दोनदा धुतलं. पाला झाकायला दुकानातून नवं सुती कापड आणलं आणि तेही आधी दहा अळ्यांवर तपासलं.

डिसेंबरच्या चौदा तारखेला आम्ही शंभर अंडीपुंजांच्या अळ्या आणल्या. तात्या एकदा फाटकाशी येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. थंडी पडली तेव्हा रामेश्वरनं शेडच्या बाजूंना ताडपत्री बांधली, मी तासातासाला तापमान लिहिलं. पाचव्या अवस्थेत, जिथं मागच्या वेळी सगळं संपलं होतं, तिथं दोन दिवस आम्ही दोघं शेड सोडून हललो नाही. जेवण यायचं. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर चार भाकरी होत्या.

अळ्या विणायला लागल्या. पाच दिवसांनी कोष उतरवले, वरचे सैल तंतू काढून साफ केले आणि पोत्यात न भरता धुतलेल्या चादरींत बांधून जालन्याच्या बाजारात नेले. काट्यावर गाठोडी एकेक करून चढवली. माणसानं चादरींचं वजन वजा केलं आणि पावतीवर आकडा लिहिला.

त्रेसष्ट किलो चारशे ग्रॅम.